मामा, सायकल आणि खाणीत भरलेली तळी

निवृत्तीनंतर चंद्रपूरचे मामा पहिल्यांदाच माझ्याकडे बर्लिनला आले. चार दिवस ब्रांडेनबुर्ग गेट, संसद, भिंतीचे तुकडे सगळं मान डोलावत पाहिलं. पाचव्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हे सारं ठीक आहे बापू, पण तुमच्या इकडं खाण नाही का कुठं?"

खुल्या कोळसा खाणीत ३३ वर्षं ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारा, म्हणून काढलेला माणूस. दुसरं काय विचारणार? बर्लिनच्या दक्षिणेला लाउझित्स नावाचा भाग आहे, पूर्व जर्मनीचा कोळसापट्टा. १९८९ साली या एका भागातून जवळपास २० कोटी टन लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, निघत होता. जर्मनी एक झाली आणि बहुतेक खाणी एकेक करून बंद पडल्या. त्या खड्ड्यांत पाणी सोडून आता तळी केली आहेत आणि तळ्यांभोवती सायकलसाठी डांबरी वाटा. मला सायकल हवी होती, मामांना खाण. जूनमधले चार दिवस ठरले. मामींनी गुडघ्याचं कारण सांगून अंग काढून घेतलं. मामांच्या बॅगेत मात्र चिवड्याचा डबा न विसरता भरला.

पहिला दिवस, गुरुवार: झेन्फ्टेनबेर्ग

रेल्वेने दुपारी पोचलो. जर्मनीभर चालणारा मासिक पास असला तरी सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. माझी सायकल सोबत होती. मामांसाठी तिथेच बॅटरीची सायकल भाड्याने घेतली. वीसेक वर्षं ड्युटीवर सायकलने गेलेले मामा आधी जरा नाराज झाले. "मोटर कशाले पायजे?" पहिल्या चढावर पॅडल मारलं, सायकल आपसूक पुढे सरकली, आणि तो विषय तिथेच संपला.

स्टेशनच्या पाटीवर दोन नावं. खालचं 'झ्वी कोमोरोव', ते सॉर्ब लोकांच्या भाषेतलं. सॉर्ब म्हणजे इथला जुना स्लाव्ह समाज. त्यांची भाषा अजून पाट्यांवर आहे आणि काही घरांतही. पेन्शनच्या मालकीणबाईंनी (इथे घरगुती लॉजला पेन्शन म्हणतात, त्यावरून मामांनी दिवसभर विनोद केले) त्या नावाचा अर्थ हसत सांगितला: वाईट डासांचं गाव. संध्याकाळी सातनंतर पटलं. डासांचं मलम घ्याच, आणि गवतात बसून उठलात की पायांवर गोचीड तपासा.

संध्याकाळी झेन्फ्टेनबेर्गच्या तळ्याला फेरी मारली, साधारण १८ किलोमीटर. या भागातलं हे वडीलधारं तळं. नीम्च नावाची खाण संपल्यावर १९६७ ते १९७२ या काळात नदीचं पाणी आत घेतलं आणि १९७३ मध्ये लोकांना पोहायला मोकळं केलं. खड्ड्यांची अशी तळी करायची कल्पना ओटो रिंट या भूरचनाकाराने मांडली होती. त्या काळी, म्हणजे खाणी ऐन भरात असताना. आता काठावर पाइनची दाट झाडी आहे, पांढऱ्या वाळूत पोरं किल्ले करत होती, शिडाच्या होड्या होत्या. कुणी सांगितलं नसतं तर हे तळं नैसर्गिक नाही असं मला वाटलंच नसतं.

मामांना वाटलं. अर्ध्या फेरीत थांबून त्यांनी काठाकडे बोट केलं. "काठ पाय कसा सरळ चालला. नदीचा काठ असा नसते. इथून बेंच कापत गेले असन." मग तळ्यातल्या बेटाकडे पाहून, "अन् तो ओबीचा ढीग होय." बेंच म्हणजे खाणीत कापलेली पायरी, आणि ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरची उकरून टाकलेली माती. बेटाचं मूळ खरंच तेच आहे. आता ते राखीव आहे, पाय ठेवायला बंदी. घरी जाऊन नकाशा पाहीपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता.

दुसरा दिवस, शुक्रवार: पूर्वेकडची तळी, ५५ किलोमीटर

चारही दिवसांतला सायकल चालवण्यासाठी सर्वांत सुंदर दिवस हाच. ग्रोसकोशेनहून एक कालवा निघतो. तो हमरस्त्याखालून आणि चक्क एका नदीखालून बोगद्याने पुढच्या तळ्यात जातो. २०१३ मध्ये सुरू झाला. पाण्याची पातळी जुळवायला मध्ये लॉक आहे. लॉकचे दरवाजे बंद होताना, पाणी चढताना, एक म्हातारं जोडपं होडीत बसून शांतपणे सँडविच खात होतं. आम्ही ते वीस मिनिटं पाहत उभे. पुढे गायर्सवाल्डे, पार्टवित्स, झेडलित्स अशी तळी एकमेकांना कालव्यांनी जोडलेली आहेत. त्यातल्या एका कालव्याला बार्बराचं नाव आहे, ती खाणकामगारांची संत.

वाट तीनेक मीटर रुंद, गुळगुळीत डांबर, मोटारींना मज्जाव. सकाळी नऊ ते अकरा या दोन तासांत आम्हाला सात सायकली आणि चाकांचे बूट घातलेली एक बाई भेटली, बस. चाकाचा आवाज, चंडोलांचं गाणं, उन्हात तापलेल्या पाइनचा डिंकासारखा वास. मी दहा वर्षं युरोपात सायकल चालवतोय, इतका मोकळा रस्ता क्वचित मिळाला.

पण हे मोकळेपण आलं कुठून, ते दुपारी कळलं. गाव लागत नव्हतं. दहा-दहा किलोमीटर ना चर्चचा मनोरा, ना पाव विकणारं दुकान, ना कुत्रं. मामांनीच विचारलं, "गावं कुठी गेली?" लाउझित्समध्ये कोळशासाठी सव्वाशेहून जास्त गावं आणि वस्त्या पूर्ण किंवा थोड्याफार हलवल्या गेल्या. झेडलित्स आणि गायर्सवाल्डे तळ्यांमधल्या कालव्याचं नाव झोर्नो, कारण त्या जागी झोर्नो नावाचं गाव होतं. कालव्याच्या तोंडाशी ३० मीटर उंच लोखंडी मनोरा आहे, २००८ मध्ये बांधलेला, मुद्दाम गंजू दिलेल्या पोलादाचा. लोक त्याला 'गंजका खिळा' म्हणतात. १६२ पायऱ्या. मामा मध्ये एकदा थांबले, तेही जोडकाम पाहायला.

वरून तीन बाजूंना पाणी, आणि क्षितिजावर श्वार्झे पुम्पे वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरची पांढरी वाफ. तिथे अजून लिग्नाइट जळतो. जर्मनीच्या कायद्यात कोळसा बंद करायची शेवटची मुदत २०३८ आहे. मामा त्या वाफेकडे बराच वेळ पाहत राहिले. मी काही विचारलं नाही.

वाटेत एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. काही ठिकाणी वाटेला लागून साखळी किंवा फाटक असतं आणि पिवळी पाटी: 'लेबेन्सगेफार', म्हणजे जिवाला धोका. पलीकडे सुंदर वाळू आणि रिकामा किनारा दिसतो. मला फोटोसाठी जायचा मोह झाला होता. मामांनी सायकलचा कॅरियर धरला. "डम्पची माती आहे ते. सैल टाकलेली. पाणी खालून चढलं का रबडी होते तिची." त्यांनी वापरलेला शब्द अगदी बरोबर निघाला. एकसारख्या गोल कणांची ही वाळू भूजल चढल्यावर जराशा धक्क्यानेही पातळ होऊन वाहते. ऑक्टोबर २०१० मध्ये श्प्रेटालजवळ अशीच मोठी जमीन बसली, ट्रक आणि मेंढ्यांचा कळप घेऊन. म्हणून हे लोक जमिनीत लांब कंपनदांड्या घालून किंवा खोलवर छोटे सुरुंग लावून माती आधी दाबून घेतात आणि मगच वाट मोकळी करतात. झेडलित्सच्या काठाचा काही भाग आम्हाला बंदच मिळाला, वळसा घ्यावा लागला. तिथल्या पाट्या जुन्या नकाशांपेक्षा जास्त खऱ्या माना.

जेवण गायर्सवाल्डेत. शाकाहारी काय आहे विचारलं तर एकच पदार्थ: उकडलेले बटाटे, सोबत क्वार्क, चिरलेला कांदा आणि छोट्या किटलीत सोनेरी तेल. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा थोडा सैल भाऊ. मामांनी तेलाचा थेंब बोटावर घेऊन चाटला आणि डोळेच मोठे केले. "अरे, हे तं जवसाचं तेल!" त्यांच्या लहानपणी घरात जवसाच्या तेलाचा स्वयंपाक व्हायचा, मग तो गेला, आणि आता इथे, चंद्रपूरपासून हजारो किलोमीटरवर, ते तेल किटलीत घालून समोर आलं. बटाटा कुस्करायचा, क्वार्क घालायचा, वर तेलाची धार. लाउझित्सचं हे रोजचं गरिबाघरचं जेवण. मामांनी दुसरी किटली मागवली. तेलाची! वाढणाऱ्या मुलीला इतका आनंद झाला की तिने पैसे घेतले नाहीत. (एरवी रोख ठेवा. तळ्याकाठच्या टपऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही.)

परत येताना पश्चिमेचा वारा तोंडावर. उघड्या पाण्यावरून येतो, अडवायला काही नाही. शेवटचे १५ किलोमीटर मामा मोटरच्या जोरावर पुढे आणि मी मागे दात ओठ खात. शक्य असेल तर पूर्वेकडची फेरी अशी आखा की दुपारनंतर वारा पाठीशी येईल. आम्ही उलटं केलं.

तिसरा दिवस, शनिवार: पाऊस, मार्गा, ग्रोसरेशेन

सकाळपासून रिपरिप. फक्त १५ किलोमीटर केले, त्यामुळे थोडक्यात.

ब्रीस्के गावात मार्गा नावाची कामगार वसाहत आहे. इल्झे या खाणकंपनीने १९०७ ते १९१५ या काळात बांधलेली. मार्गा हे कंपनीच्या प्रमुख संचालकाच्या मुलीचं नाव. मध्ये चौक, चर्च, शाळा, भोवती गोलाकार रस्ते आणि वेगवेगळ्या धाटणीची घरं, बागांसह. मामांनी आयुष्य कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये काढलं, त्यामुळे ते घरांपेक्षा मागच्या न्हाण्या, कोळसा ठेवायच्या खोल्या, दोन क्वार्टरमधलं अंतर असलं पाहत होते. शेवटी निकाल दिला: "साहेबाचा बंगला कुठी आहे ते दिसून नाही राहिलं, म्हणजे चांगली आहे."

ग्रोसरेशेनला दुपारी ऊन पडलं. इथे तळ्यावर उंच काँक्रीटचा सज्जा आहे. २००० ते २०१० या दहा वर्षांत या भागासाठी एक मोठं बांधकाम-प्रदर्शन चाललं होतं, त्याचा हा सज्जा. तो बांधला तेव्हा समोर पाणी नव्हतं. मॉयरो खाण १९९९ च्या शेवटी बंद झाली आणि पाणी सोडायला २००७ उजाडलं. मधली काही वर्षं लोक इथे कॉफी पीत नुसत्या खड्ड्याकडे बघत बसायचे. पाण्यावर झेपावणारा पूलही जुन्या खाणयंत्राचा लोखंडी हात आहे, आडवा टाकून दिलेला. उतारावर द्राक्षबाग.

ज्या तळ्याकडे पाहायचं त्याच्या काठाशी गावाचा ब्युक्गेन नावाचा भाग होता. तो खाणीसाठी शेवटी शेवटी पाडला. खाण त्यानंतर दहा वर्षंसुद्धा चालली नाही. बाकावर शेजारी बसलेल्या बाई हे सांगत होत्या. त्यांचं घर तिथलंच. "आमची खिडकी साधारण त्या पांढऱ्या बोयाजवळ," म्हणाल्या आणि पुढे नातवाच्या आइस्क्रीमकडे वळल्या.

इथली पाण्याची एक गंमत मामांना फार आवडली. मातीत पायराइट असतो, हवा लागली की त्याचं आम्ल होतं, आणि नव्या तळ्यांचं पाणी व्हिनेगरकडे झुकतं. मासे राहत नाहीत, पाणी मात्र अगदी नितळ निळं दिसतं. मग होडीतून चुना फवारून ते ताळ्यावर आणतात. "म्हणजे पानाले चुना," मामा म्हणाले.

चौथा दिवस, रविवार: एफ-६०

चूक माझी होती. रात्री मामांची बॅटरी चार्जिंगला लावली ती ज्या सॉकेटला, तो खोलीच्या दिव्याच्या बटणावर चालत होता. दिवा घालवून आम्ही झोपलो. सकाळी बॅटरीवर एकच काडी. पुढे एफ-६० या जुन्या महाकाय खाणयंत्रापर्यंत तीसएक किलोमीटर, त्यात रविवार, म्हणजे दुकानं सगळी बंद. जर्मनीत नवीन असाल तर हे कोरून ठेवा: शनिवारी संध्याकाळीच पाणी आणि पाव भरून घ्यायचे. लहान गावांतल्या खानावळी तर सोमवार-मंगळवारीही बंद असू शकतात.

पवनचक्क्या आणि सोलर पॅनलच्या रानातून जाणारी वाट होती. कुठे कुठे पॅनलांखाली मेंढ्या. झालगास्टच्या पुढे मोटर बंद पडली. ती सायकल विनामोटर चालवणं म्हणजे म्हैस ओढणं. मामा दोन किलोमीटर काही न बोलता रेटत राहिले, मग उतरून ढकलू लागले. पाणी संपलेलं, चिवडा उरलेला.

पहिल्याच घराच्या कुंपणाआड सत्तरीचे एक आजोबा टोमॅटोला पाणी घालत होते. मी चार्जर दाखवून विनंती केली. त्यांनी पाइप खाली टाकला, फाटक उघडलं, बॅटरी शेडमध्ये लावली आणि आधी दोन जग पाणी आणलं. निघालात कुठे? एफ-६० ला. हे तुमचे वडील? मामा, खाणीत होते, भारतात.

"कोले?" आजोबांनी विचारलं.

"कोल," मामा म्हणाले. पुढचा तासभर माझी कुणालाच गरज पडली नाही.

आजोबांनी टोमॅटोच्या वाफ्याची काठी उपसली आणि वाळूत खड्ड्याचा आडवा छेद काढला. वर मातीचा थर, खाली कोळशाची रेघ. मग खड्ड्याच्या या काठावरून त्या काठावर एक लांब आडवी रेघ: हाच तो एफ-६०, माती वाहून नेणारा पूल. बालद्यांची साखळी असलेली दोन अवजड यंत्रं एका बाजूने माती खरवडतात, ती पट्ट्यावरून थेट खाणीवरून पलीकडे जाते आणि जिथला कोळसा आधीच काढून झाला तिथे पडते. पूर्ण यंत्र रुळांवर कडेकडेने सरकत राहतं. ६० मीटर जाडीची माती एका दमात, म्हणून नाव एफ-६०.

मामांनी काठी घेतली. शॉवेल काढला, डंपर काढला, डंपरची रांग काढली, चढाचा रस्ता काढला. आजोबांनी डंपर मोजले, मग रेघेकडे बोट दाखवून हातानेच विचारलं: एवढे? सगळे डिझेलवर? मामांनी मान हलवली आणि आपल्या चित्रावर बूट फिरवला. दोघं खो खो हसले.

आजोबा त्या यंत्रावरच कामाला होते, बालद्यांच्या साखळीवर. कॉफी आणि खसखशीचा केक आला तेव्हा त्यांनी हे मला नीट जर्मनमध्ये सांगितलं, कारण ते हाताने सांगण्यासारखं नव्हतं. पूल १९९१ मध्ये चालू झाला आणि १९९२ मध्ये थांबला. जेमतेम वर्षभर. त्यानंतर तेच लोक, सरकारी रोजगार योजनेवर, खाणीचे उतार बसवण्याच्या आणि झाडं लावण्याच्या कामावर. "आधी खणायचे पैसे मिळाले, मग बुजवायचे." त्यांची मुलं दोघंही पश्चिमेला गेली.

निघताना ते शेडमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. लिग्नाइटची वीट, ब्रिकेट, कडा गोल आणि पृष्ठभाग चकचकीत. मामांनी ती उलटसुलट केली, नखाने खरवडली, हुंगली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हा कोयसा नाही बापू, दाबलेली माती होय. पण त्याईले सांगू नको." फाटकाशी आजोबांनी हात वर केला. "ग्लुक आउफ!" खाणकामगारांचा तो नमस्कार मी मामांना आदल्या दिवशीच शिकवला होता. त्यांनी तसाच हात वर करून परत दिला, चंद्रपुरी सुरात.

एफ-६० लिश्टरफेल्डजवळच्या तळ्याच्या काठावर उभा आहे. ५०२ मीटर लांब, जवळपास ८० मीटर उंच, ११,००० टन. लोक त्याला आडवा आयफेल टॉवर म्हणतात. भंगारात जायचा होता, २००२ पासून तो पाहायला मिळतो. हेल्मेट देतात, वाटाड्यासोबतच वर जाता येतं, आणि चालण्याची जमीन म्हणजे लोखंडी जाळी. पायाखालून थेट खालचं दिसतं, तेव्हा उंचीची भीती असेल तर आधीच ठरवा. पावलं झाकणारे बूट हवेत. वाटाडी मुलगी आकडे सांगत होती, मामा मात्र प्रत्येक रोलरला हात लावून फिरवून बघत होते. वरच्या टोकाला वारा इतका की संपूर्ण सांगाडा गुणगुणत होता. मामांनी कठडा धरून खाली पाहिलं आणि विचारलं, "यावर शिफ्टले किती लोकं?" मुलीने उत्तर दिलं, मी भाषांतर केलं, आणि वाऱ्यात ते मामांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

तिथून फिन्स्टरवाल्डे स्टेशन दहाएक किलोमीटर. बॅटरी पुरली. गाडीत मामा झोपले, वीट मांडीवर.

वीट विमानात न्यायची नाही, यावर बर्लिनला आमचं दोन दिवस भांडण झालं. जळणारी वस्तू आहे, पकडतील, मी म्हणालो. मामी माझ्या बाजूने. शेवटी ती माझ्या बाल्कनीत राहिली. परवा मामांचा फोन आला, तब्येत, हवापाणी झालं, आणि मग: "पाऊस तं लागून नाही राहिला ना तिले? ओली झाली का फुगून फुटन ते." उठून बघितलं. एका कोपऱ्याला भेग गेली होती. तिला आत, बुटांच्या कपाटात ठेवली आहे. मामांना अजून सांगितलेलं नाही.